बाजार उठताना चढणारा भाव

मंडईत रात्री आवराआवरीच्या वेळी गेलं, की कोथिंबिरीची जुडी निम्म्या भावात मिळते. ती उद्यापर्यंत टिकणार नाही, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि घेणाऱ्यालाही. विमानातली सीट तर कोथिंबिरीहून नाशवंत. दार लागलं, विमान धावपट्टीकडे निघालं, की रिकाम्या सीटचं मोल शून्य. असं असूनही तिचा भाव बाजार उठताना उतरत नाही, उलट चढतो. आठवडी बाजाराच्या हिशेबावर वाढलेल्या माणसाला हे पटायला जड जातं. म्हणूनच दिवाळीच्या महिना-दीड महिना आधी घरोघरी तोच प्रश्न निघतो: तिकीट आत्ता काढायचं, की अजून थोडं थांबायचं?

हा प्रश्न आपल्याकडे जेमतेम पंचवीस वर्षांचा आहे. त्याआधी विमानाच्या तिकिटाबद्दल लोक वेगळंच विचारत: सीट मिळेल का?

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, तेव्हा भारतातल्या विमानसेवेचा पहिला व्यवहार टपालाचा होता, माणसांचा नव्हे. स्वातंत्र्यानंतर खाजगी विमान कंपन्यांची गर्दी झाली, त्यातल्या बऱ्याच तोट्यात गेल्या आणि १९५३ मध्ये सरकारने हा सगळा व्यवसाय ताब्यात घेतला. परदेशी उड्डाणं एअर इंडिया इंटरनॅशनलकडे गेली आणि देशातली इंडियन एअरलाइन्सकडे. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं मुंबईहून दिल्लीला उडायचं तर दुकान एकच आणि दरपत्रकही एकच.

तिकीट म्हणजे पातळ कागदांची छोटी चोपडी. बुकिंग क्लार्क बॉलपेनने जोर देऊन नाव, मार्ग, तारीख लिहायचा, म्हणजे खालच्या प्रतींवर अक्षर उमटेल. प्रत्येक पानामागे लाल कार्बन असायचा, तो बोटांना लागायचा. एका रकान्यात ‘ओके’ पडलं, की प्रवाशाचा जीव भांड्यात पडायचा. नाही पडलं तर वेटिंग, आणि मग ओळखीपाळखी, कोटा, कुणाच्या तरी साहेबाची चिठ्ठी. भाड्यात सवलती होत्या. पण प्रवासी कोण आहे यावर त्या ठरत, तो खिडकीशी कधी आला यावर नव्हे. महिनाभर आधी आलेल्याला आणि आदल्या दिवशी धावत आलेल्याला भाडं सारखंच. ते वाढायचं ते इंधन महागल्यावर, सरकारच्या मंजुरीने आणि सगळ्यांना एकाच दिवशी. या व्यवस्थेत एक प्रकारचा न्याय होता खरा, पण तो फार थोड्यांच्या वाट्याला येणारा न्याय होता. विमानात बसणं ही मूठभरांची गोष्ट होती आणि बाकीचा देश रेल्वेच्या डब्यात होता.

भाव बदलण्याचं बीज पडलं ते दूर लंडनमध्ये, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला. तिथल्या बीओएसी या सरकारी विमान कंपनीने एक योजना काढली: उड्डाणाच्या २१ दिवस आधी तिकीट घेणाऱ्याला स्वस्त भाडं. रिकाम्या जाणाऱ्या सीटा भरल्या तर चांगलंच. पण लगेच पेच उभा राहिला. स्वस्तात किती सीटा विकायच्या? सगळ्याच विकल्या, तर ऐन वेळी पूर्ण भाडं देणारा प्रवासी परत जाणार. फारच थोड्या विकल्या, तर विमान रिकामं उडणार.

या पेचाला कंपनीतल्याच केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये गणिती उत्तर दिलं. ते इतकं साधं आहे की शाळकरी पोरालाही समजावं. समजा एकच सीट उरली आहे आणि आज ४,००० रुपये द्यायला तयार असलेलं गिऱ्हाईक समोर उभं आहे. शेवटच्या दिवसापर्यंत १०,००० देणारा कुणी येईल याची शक्यता किती? ती शेकडा ४० हून जास्त असेल, तर आजच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं आणि सीट राखून ठेवायची. त्याहून कमी असेल, तर देऊन टाकायची. बस्स, एवढंच. आज जगभरातल्या विमान भाड्यांच्या चढउतारामागचं गणित कितीही फुगलेलं असलं, तरी त्याचा गाभा हाच आहे. कोथिंबीरवाल्याला हा हिशेब करता येत नाही, कारण रात्री नऊ वाजता मंडईत धावत येऊन दुप्पट पैसे टाकणारं गिऱ्हाईक त्याच्याकडे येत नाही. विमान कंपनीकडे येतं.

नियम लंडनचा, पण त्याचं हत्यार झालं अमेरिकेत. तिथेही १९३८ पासून भाडी सरकारी मंडळ ठरवत असे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी विमान व्यवसाय मोकळा करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि नव्या कंपन्यांची रांग लागली. त्यात सगळ्यांत धडाडीची होती डोनाल्ड बर यांची पीपल एक्स्प्रेस. १९८१ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या नेवार्कहून ती उडू लागली. तिचं भाडं जुन्या कंपन्यांच्या भाड्याच्या कितीतरी खाली होतं. प्रवासी विमानात बसल्यावर तिकिटाचे पैसे द्यायचे. बॅगेचे वेगळे, कॉफीचे वेगळे. विद्यार्थी, आजीआजोबा, बसने जाणारी माणसं विमानात आली. चार वर्षांत ही कंपनी देशातल्या मोठ्या कंपन्यांच्या पंगतीत जाऊन बसली.

अमेरिकन एअरलाइन्सचे रॉबर्ट क्रँडल यांच्यापुढे प्रश्न होता, की या भाड्याशी झुंजायचं कसं. सगळीच भाडी खाली आणली, तर कंपनी बुडणार. पण क्रँडल यांच्याकडे पीपल एक्स्प्रेसकडे नसलेली एक गोष्ट होती: सेबर नावाची संगणकीय आरक्षण यंत्रणा आणि तिच्यात साठलेला वर्षानुवर्षांचा हिशेब, कुठल्या मार्गावर, कुठल्या वारी, किती दिवस आधी किती लोक तिकीट काढतात याचा. जानेवारी १९८५ मध्ये त्यांनी नवं भाडं जाहीर केलं. ते पीपल एक्स्प्रेसच्या भाड्याला जाऊन भिडत होतं, पण अटींसकट. तिकीट ३० दिवस आधी घ्यायचं, परतीचंच घ्यायचं आणि मधली शनिवारची रात्र तिकडेच काढायची. शनिवारची अट वरवर पाहता विचित्र वाटते, पण तिच्यात सगळी मेख होती. कंपनीच्या कामाला गेलेला माणूस शुक्रवारी घरी परततो, तो शनिवारपर्यंत थांबत नाही. म्हणजे त्याला स्वस्त भाडं आपोआप बंद. आणि स्वस्त सीटा प्रत्येक विमानात संगणक सांगेल तेवढ्याच.

एकाच विमानात, एकाच रांगेत, एकाच जेवणाच्या ट्रेसमोर बसलेल्या दोन माणसांनी वेगवेगळे पैसे मोजलेले असणं, हे तिथून रूढ झालं. पीपल एक्स्प्रेसचे सुट्टीचे प्रवासी फुटले. १९८६ मध्ये ती विकली गेली आणि पुढच्या वर्षी तिचं नावही उरलं नाही. आपल्याला या संगणकाने हरवलं, हे बर यांनी नंतर मोकळेपणाने मान्य केलं. अमेरिकनने १९९० च्या सुमारास मांडलेल्या हिशेबात या पद्धतीने तीन वर्षांत १४० कोटी डॉलरचा फायदा झाल्याची नोंद आहे.

गोष्ट इथे संपली असती, तर ती एका हुशार माणसाच्या विजयाची झाली असती. पण १९९२ मध्ये याच क्रँडल यांनी स्वतः बांधलेली शिडी मोडायला घेतली. भाड्यांचे प्रकार इतके झाले होते, की प्रवासी, एजंट आणि खुद्द कंपनीचे लोक त्यात हरवत होते. एप्रिलमध्ये त्यांनी जाहीर केलं: यापुढे फक्त चार भाडी, साधी आणि सरळ. काही आठवड्यांतच प्रतिस्पर्ध्यांनी त्याखाली सुरुंग लावला. एकीने मुलांबरोबर मोठी माणसं फुकट अशी योजना काढली, उत्तरादाखल अमेरिकनने निम्म्या दराची विक्री लावली आणि तो उन्हाळा सगळ्याच कंपन्यांना तोट्यात घेऊन गेला. वर्ष संपायच्या आत चार भाड्यांचा प्रयोग गुंडाळला गेला. एकदा सगळ्यांच्या हाती हे हत्यार आलं, की एकट्याने ते खाली ठेवता येत नाही, हे त्या उन्हाळ्यात स्पष्ट झालं. तिकीट कधी काढायचं या प्रश्नाला तेव्हापासून सरळ उत्तर उरलं नाही.

त्याच १९९२ मध्ये मुंबईत वेगळीच पहाट होत होती. ईस्ट-वेस्ट एअरलाइन्सने उड्डाणं सुरू केली, पण ‘एअर टॅक्सी’ म्हणून, कारण कायद्याने देशांतर्गत विमानसेवा अजून सरकारचीच होती. या टॅक्सीवाल्यांना वेळापत्रक छापायचीही मुभा नव्हती. १९९३ मध्ये जेट, दमानिया, मोदीलुफ्त, सहारा आल्या आणि १९९४ मध्ये मक्तेदारीचा कायदाच रद्द झाला. प्रवाशाला आता दुकानं अनेक मिळाली, पण दर मात्र जवळपास तेच राहिले. चढाओढ चालायची ती पाहुणचाराची: जेवण, थंड टॉवेल, वेळेवर उड्डाण, हसतमुख स्वागत. आणि या पाहुणचाराचा खर्च भागेना. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त ही तिन्ही नावं दशक संपायच्या आत पुसली गेली.

२००२ च्या सुमारास भारतात पहिल्यांदा ‘अपेक्स’ भाडी दिसू लागली. ठरावीक दिवस आधी काढा, रद्द केलं तर बरेच पैसे कापले जातील, पण भाडं कमी. जाहिरातींत तुलना रेल्वेच्या वातानुकूलित डब्याशी असायची. लिटलवुड यांचा नियम तीस वर्षांनी इथे पोचला होता, पण अजून चाचपडत.

त्याला दार उघडून आत घेतलं कॅप्टन गोपीनाथ यांनी.

जी. आर. गोपीनाथ हे कर्नाटकातल्या हासन जिल्ह्यातल्या गोरूर गावचे. सैनिक शाळा, मग पुण्याजवळ खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, १९७१ च्या युद्धात तरुण अधिकारी. सैन्य सोडून ते शेतीत उतरले, रेशीम किड्यांच्या नैसर्गिक संगोपनाच्या कामासाठी त्यांना १९९६ मध्ये रोलेक्स पुरस्कार मिळाला. पुढच्या वर्षी हेलिकॉप्टर भाड्याने देणारी कंपनी काढली. अमेरिकेत फिनिक्सच्या विमानतळावर त्यांनी विमानांची ये-जा पाहिली. भारतातल्या सगळ्या विमानतळांवर मिळून दिवसाला जितकी उड्डाणं होत नव्हती, तितकी त्या एका वाळवंटी शहरातून होत होती. हे दृश्य त्यांच्या डोक्यातून गेलं नाही.

ऑगस्ट २००३ मध्ये एअर डेक्कनचं पहिलं विमान उडालं. मार्ग मुंबई-दिल्ली नव्हता, बंगळूर-हुबळी होता. विमान छोटं, पंख्याचं, एटीआर जातीचं. महिन्याभरातच हैदराबाद-विजयवाडा मार्गाच्या उद्घाटनाला, नेते आणि पत्रकार आत बसलेले असताना, धावपट्टीवरच इंजिनातून ज्वाळा निघाल्या. सगळे सुखरूप बाहेर आले, पण चित्रं देशभर गेली. दुसरी एखादी कंपनी तिथेच बसली असती. ही उभी राहिली. विमानांवर आणि जाहिरातींत आर. के. लक्ष्मण यांचा ‘कॉमन मॅन’ होता: चौकड्यांचा कोट, धोतर, गोल चष्मा, आणि आयुष्यभर नुसता बघत राहिलेला तो माणूस. मराठी घरांत तो सकाळच्या चहाबरोबर ओळखीचा झालेला होता. त्याने विमानात चढावं ही कल्पनाच किती मोठी होती, हे आज, विमानतळांवर बसस्टँडसारखी गर्दी असताना, पटकन लक्षात येत नाही.

एअर डेक्कनने काय केलं, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. फुकट जेवण बंद. छापील चोपडी बंद. तिकीट इंटरनेटवर किंवा फोनवर, आणि ज्याच्याकडे दोन्ही नाही त्याच्यासाठी काही पोस्ट ऑफिसांत आणि पेट्रोल पंपांवरही. भाडं एकेरी प्रवासाचं. शनिवारची रात्र नाही, परतीची सक्ती नाही. काही सीटा ५०० रुपयांना, पुढे काही चक्क १ रुपयाला, वर कर वेगळे. लोकांना वाटलं, अख्खं विमान रुपयाला उडतंय. तसं ते नव्हतं. रुपयाची सीट ही शिडीची सगळ्यांत खालची पायरी होती. त्यावर दुसरी, तिसरी, चौथी अशा पायऱ्या होत्या, आणि खालची भरली की पुढचा प्रवासी वरच्या पायरीवर.

इथे भारताची वाट अमेरिकेहून वेगळी झाली, आणि आपल्या आजच्या सगळ्या घालमेलीचं मूळ तिथे आहे. क्रँडल यांच्या शिडीला तीन कुंपणं होती: किती दिवस आधी, परतीचं आहे की नाही आणि शनिवारी थांबणार की नाही. गोपीनाथ आणि त्यांच्यामागून आलेल्या स्वस्त विमान कंपन्यांनी दोन कुंपणं काढून टाकली. प्रवाशाच्या दृष्टीने हे वरदानच होतं. पण मग कामाच्या माणसाला सुट्टीच्या माणसापासून वेगळं काढायला उरलं एकच कुंपण, वेळेचं. ‘कधी’ हाच सगळा भाव झाला.

मे २००५ मध्ये स्पाइसजेट ९९ रुपयांच्या सीटा घेऊन आली. त्याच महिन्यात किंगफिशर आली. ४ ऑगस्ट २००६ रोजी इंडिगोचं पहिलं विमान दिल्लीहून गुवाहाटीमार्गे इम्फाळला गेलं. ती दोन-तीन वर्षं प्रवाशांसाठी सोन्याची होती. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसलेली माणसं गावी परतून खिडकीतून दिसलेल्या ढगांचं वर्णन करत होती. कंपन्या मात्र रक्तबंबाळ होत होत्या. प्रत्येक जण खर्चाच्या खाली विकत होता, दुसरा आधी बुडेल या आशेवर. २००७ मध्ये जेटने सहारा विकत घेतली आणि किंगफिशरने एअर डेक्कनमध्ये मोठा वाटा. जुलै २००८ मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत गेलं. उड्डाणं कमी झाली, इंधन अधिभार वाढला, भाडी चढली आणि एक रुपयाची पायरी दिसेनाशी झाली. एअर डेक्कनचं नाव आधी बदललं, मग गेलं. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरही जमिनीवर आली. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री जेटचं शेवटचं विमान उडालं, ऐन उन्हाळ्याच्या सुट्टीच्या तोंडावर. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट थांबली, तीही सुट्टीतच. दर वेळी तेच झालं: कंपनी बुडाली की तिच्या सीटा बाजारातून नाहीशा होतात, उरलेल्या विमानांतल्या खालच्या पायऱ्या भराभर भरतात आणि तिकीट काढायला उशीर न केलेला माणूसही वरच्या पायरीवर जाऊन पडतो. महिनाभर आधी काढलं म्हणजे स्वस्त मिळेल हा आडाखा मार्गावर तीन-चार कंपन्या असतील तोवरच खरा.

आता त्या १९७२ च्या नियमाकडे परत जायला हवं, कारण त्यात एक गृहीतक दडलेलं आहे. ऐन वेळी येणारा प्रवासी म्हणजे सूटबूटवाला, कंपनीच्या पैशाने उडणारा, असं ते गृहीतक. लंडन-न्यूयॉर्कच्या विमानात ते बरंचसं खरं असेल. पण मुंबईहून पाटण्याला किंवा गुवाहाटीहून पुण्याला आदल्या रात्री तिकीट शोधणारा माणूस कोण असतो? वडील अतिदक्षता विभागात असल्याचा फोन आलेला मुलगा असतो. परीक्षेची तारीख पुढे गेलेली मुलगी असते. रजा उशिरा मंजूर झालेला जवान असतो. यातल्या कुणाचंही भाडं कंपनी भरत नाही. संगणकाला मात्र ही माणसं आणि बिझनेस मीटिंगला निघालेला अधिकारी यांतला फरक दिसत नाही, कारण सगळ्यांनी तिकीट काढायची वेळ एकच. वेळेच्या एकाच कुंपणावर उभ्या असलेल्या व्यवस्थेचा हा सगळ्यांत मोठा अन्याय आहे, आणि तो गणितावर ढकलून मोकळं होता येणार नाही.

कायद्याला हे अगदीच ठाऊक नाही असं नाही. १९३७ च्या विमान नियमांतला १३५ वा नियम कंपन्यांना भाडं ठरवायची मोकळीक देतो, पण ते वाजवी असावं, चालवण्याचा खर्च, सेवेचं स्वरूप, रास्त नफा आणि चालू दर यांचा विचार करून ठरवलेलं असावं, असंही सांगतो. २०१० च्या सणासुदीत भाडी इतकी भडकली, की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने कंपन्यांना मार्गवार किमान-कमाल भाडी संकेतस्थळावर लावायला सांगितलं. एप्रिल २०१४ मध्ये उलट प्रकार घडला. स्पाइसजेटची १ रुपया मूळ भाड्याची विक्री महासंचालनालयाने थांबवली. म्हणजे भाडं फार खाली गेलं तरी सरकारला चैन पडत नाही आणि फार वर गेलं तरी.

सगळ्यांत मोठा प्रयोग कोविडने करवून घेतला. दोन महिने बंद असलेली देशांतर्गत विमानं २५ मे २०२० रोजी पुन्हा उडाली, ती सरकारने आखलेल्या दोन रेषांच्या मधूनच. उड्डाणाला लागणाऱ्या वेळेप्रमाणे मार्गांचे सात गट केले होते. मुंबई-दिल्लीला कमीत कमी ३,५०० आणि जास्तीत जास्त १०,००० रुपये, आणि ४० टक्के सीटा या दोन्हींच्या मध्यापेक्षा कमी दराने विकायच्या. ज्याला नाइलाजाने ऐन वेळी निघावं लागलं, त्याचा जीव वरच्या रेषेने वाचवला. खालची रेषा कंपन्यांना वाचवण्यासाठी होती. तिने स्वस्त पायऱ्याच कापून टाकल्या. लवकर तिकीट काढण्यात फारसा अर्थच उरला नाही. रेषा बदलत, वर सरकत गेल्या आणि ३१ ऑगस्ट २०२२ पासून पूर्ण उठल्या.

छोट्या गावांसाठी सरकारने वेगळा मार्ग काढला होता. ‘उडान’ योजनेत एका तासाच्या उड्डाणाच्या निम्म्या सीटा २,५०० रुपयांच्या आत विकायच्या आणि कंपनीची तूट सरकारने भरून द्यायची. २७ एप्रिल २०१७ रोजी या योजनेची पहिली विमानं उडाली, त्यात नांदेड-हैदराबाद होतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये एअर डेक्कन हे नाव पुन्हा आकाशात आलं, या वेळी १९ सीटांच्या विमानावर आणि मुंबई-जळगाव मार्गावर. कोविडच्या पहिल्या टाळेबंदीत, एप्रिल २०२० मध्ये, ते दुसऱ्यांदा मिटलं.

मग तिकीट कधी काढायचं? इतिहासाने शिकवलेलं एवढं: मोठ्या शहरांमधल्या नेहमीच्या मार्गावर, साध्या दिवशी, महिनाभर ते तीन आठवडे आधी काढलेलं तिकीट बहुतेक वेळा खालच्या पायऱ्यांवर असतं. गणपती, दिवाळी, मेची सुट्टी, लग्नसराईतला शुक्रवार-रविवार यांना हा हिशेब लागू नाही; तिथे तारीख ठरली त्याच दिवशी काढावं. मंगळवारी मध्यरात्री तिकिटं स्वस्त होतात ही समजूत अमेरिकेतल्या जुन्या काळाची आहे, जेव्हा कंपन्या आठवड्याच्या सुरुवातीला दर उतरवत आणि इतर मागोमाग उतरत. आज दर दिवसातून अनेकदा हलतात. आणि एक बारीक गोष्ट, जी फार थोड्यांना ठाऊक असते. चौघांचं तिकीट एकदम शोधलं आणि खालच्या पायरीवर दोनच सीटा उरल्या असतील, तर बहुतेक यंत्रणा चौघांनाही वरच्या पायरीचं भाडं दाखवतात. म्हणून आधी एकाचं शोधून पाहावं. फरक दिसला, तर दोन-दोनची तिकिटं काढावीत.

पण मार्गावर विमानंच नसतील, तर कुठलाही शहाणपणा कामाला येत नाही. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात ते देशाने पाहिलं. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झाले होते. देशातल्या दहापैकी सहाहून जास्त प्रवासी नेणाऱ्या इंडिगोचं वैमानिकांचं नियोजन त्यात कोलमडलं आणि ५ डिसेंबरला एका दिवसात तिची हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, लग्नाला निघालेली वऱ्हाडं जमिनीवर झोपली. उरलेल्या विमानांच्या सीटांवर संगणकाने आपलं काम इमानेइतबारे केलं आणि भाडी आभाळाला भिडली. ६ डिसेंबरला सरकारने मर्यादा घातली: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५००, १,००० पर्यंत १२,०००, १,५०० पर्यंत १५,००० आणि त्यापुढे १८,००० रुपये, कर आणि विमानतळाचे आकार वेगळे. आकडे ठरवून पत्रक काढायला एक दिवस पुरला.

शिडी मोडावी असं कुणी म्हणू नये. हुबळीचा, नांदेडचा, जळगावचा माणूस विमानात बसला, तो खालच्या पायऱ्यांमुळेच. पण वरचं टोक किती उंच आहे, हे संकट येण्याआधी प्रवाशाला कळायला हवं. प्रत्येक मार्गाचं कमाल भाडं कंपन्या संकेतस्थळाच्या एखाद्या कोपऱ्यात लावतातच. विमान वाहतूक मंत्रालयाने तो आकडा तिथून उचलून, तिकीट काढतानाच्या पडद्यावर, आजच्या भाड्याच्या शेजारी छापायला लावावा.